वरच्या तारा

अरुणकाका सबनीस आमच्या शेजारी राहतात. हॉलंडमधल्या उइटहॉर्नच्या आमच्या गल्लीत सगळी घरं एकमेकांना चिकटलेली, मागे हातरुमालाएवढी बाग आणि दोन बागांच्या मध्ये कमरेइतकं कुंपण. मी आणि माझा नवरा प्रसन्न इथे राहायला आलो, त्याच आठवड्यात त्या कुंपणावरून एक डबा पुढे आला. मागोमाग सुरेखाकाकूंचा आवाज. "मराठी आहात ना? कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या."

काका स्ट्रेस इंजिनियर. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करताहेत. आमच्या आयटीत सगळेच स्ट्रेस इंजिनियर असतात. पण त्यांचं काम खरंच तसं होतं. विमानाचा कुठला भाग किती भार सोसेल आणि कधी मोडेल, हे विमान बनण्याआधी शोधायचं. "आम्ही ते कागदावर मोडून बघतो," काका म्हणायचे, "म्हणजे हवेत मोडत नाही."

त्यांचे वडील किर्लोस्करवाडीला ओतशाळेत लाकडी साचे करायचे. काका मुंबईला शिकले, काही वर्षं बंगलोरला नोकरी केली आणि चौऱ्याऐंशी साली शिफोल विमानतळाजवळच्या विमानाच्या कारखान्यात लागले. शहाण्णवमध्ये कारखाना बुडाला. ज्या विमानाच्या पंखावर ते चार वर्षं काम करत होते, ते कधी बनलंच नाही. पुढे पवनचक्क्यांची पाती केली, पूल तपासले, रिटायर झाले. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. काकू मात्र एकदा म्हणाल्या, "माणूस तोच आहे गं, पण त्यानंतर रविवारी शीळ घालायचे ते बंद झालं."

शीळ पुन्हा सुरू झाली ती केसमुळे. केस हा त्याच कारखान्यातला पत्र्याचं काम करणारा डच माणूस. डोक्यावर एक नाही आणि नाव केस, हा काकूंचा आवडता विनोद. त्यांनी तो त्याला इंग्रजीत समजावूनही सांगितला होता आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. कारखाना बुडाल्यावर केस दक्षिणेला ब्राबांटमध्ये, टिलबर्गच्या पलीकडच्या आपल्या गावी परत गेला. वडिलांनी गाई कधीच विकल्या होत्या. बऱ्याच वर्षांनी रिकामा गोठा झाडताना त्याला माळ्यावर, पेंढ्याखाली, एक पंख सापडला. त्याने काकांना फोन केला. "अरुण, माझ्या गोठ्यात विमान आहे. सगळं नाही. पण आहे."

लाकूड, उंदरांनी खाल्लेलं कापड आणि गंजलेल्या तारा. एका पितळी पट्टीवर नाव होतं: ई. थर्टल, नॉरिच.

तेव्हापासून काका दर गुरुवारी केसच्या गोठ्यावर जायला लागले. बस, मग ट्रेन, पुन्हा बस. काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला सुट्टी असली की मी गाडीने सोडायचे, म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं. दोघांनी ठरवलं होतं, हे विमान पुन्हा बनवायचं. जुना पंख बघून तसाच नवा, मग दुसरा, मग धड. केस लाकूड तासायचा, काका मापं घ्यायचे. मध्ये केसची बायको रीट सूप आणून ठेवायची आणि तिघं न बोलता प्यायची.

हा एड्विन थर्टल कोण, हे शोधायचं काम काकांनी अंगावर घेतलं. वर्षभर इंग्लंडमधल्या लोकांना ईमेल केल्यावर त्याची नात सापडली. डोरीन कोल. नॉरिचजवळच्या खेड्यात एकटी राहणारी, ऐंशी ओलांडलेली बाई. तिच्याकडून कळलं ते असं.

थर्टल खुर्च्या करणाऱ्याचा मुलगा. शिक्षण बेताचं, पण लाकूड त्याच्याशी बोलायचं म्हणतात. १९०९ साली त्याने पहिलं विमान केलं, ते कुरणात चार उड्या मारून खड्ड्यात गेलं. दुसरं मात्र खरोखर उडालं. हॅरी पेल नावाचा तेवीस वर्षांचा पोरगा ते उडवायचा. गावोगावच्या जत्रांमध्ये लोक तिकीट काढून बघायला यायचे, वर्तमानपत्रात थर्टलचा फोटो आला होता. १९१२च्या उन्हाळ्यात, जत्रेच्या मैदानावर उतरताना, त्या विमानाचा डावा पंख हवेत मोडला. हॅरी पेल लोकांच्या डोळ्यांदेखत गेला. चौकशीत ठरलं, यंत्रात दोष होता. पुढच्या वर्षी थर्टलने तिसरं विमान केलं आणि ते बोटीत घालून हॉलंडला आणलं, इथल्या सैन्याला दाखवायला. ब्राबांटच्या माळावर आठवडाभर पाऊस पडला. इंजिन चालू झालं नाही, अधिकारी छत्र्या मिटून निघून गेले. थर्टल विमान तिथेच एका शेतकऱ्याकडे टाकून परत गेला. तो शेतकरी केसचा आजोबा. नंतर थर्टलने विमानाला हात लावला नाही. युद्धात जखमींसाठी स्ट्रेचर आणि कुबड्या केल्या, आणि अठरा सालच्या साथीत, नोव्हेंबरमध्ये, तापाने गेला.

"माझ्या आजोबांचा काही दोष नव्हता," डोरीनने लिहिलं होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं की हॅरी पेल धाडसी होता, लोकांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून वेडंवाकडं उडवायचा. त्याने विमान मोडलं आणि आळ आजोबांवर आला. तिची आई हे सांगत सांगत गेली. "तुम्ही पंखांचं गणित करणारे आहात. मी जायच्या आत तुम्ही हे सिद्ध करून द्या." सोबत त्या चौकशीच्या कागदांच्या प्रती होत्या.

काकांनी शब्द दिला. त्यांनाही तेच हवं होतं. इतक्या वर्षांत थर्टलबद्दल ते घरच्या माणसासारखं बोलायला लागले होते. "बघ, सांधा कसा केलाय पठ्ठ्याने," असं म्हणून मला बोट लावून बघायला लावायचे.

एकच गोष्ट त्यांना समजत नव्हती. थर्टलच्या विमानाचे पंख तारांनी ताणलेले होते, काही तारा खालून, काही वरून. उडताना हवा पंखाला वर उचलते, त्यामुळे खालच्या तारा जाड लागतात. वरच्या तारांचं काम विमान जमिनीवर उभं असताना पंख लोंबू नयेत इतकंच, अशी त्या काळात समजूत होती. म्हणून त्या बारीक असत. पण केसच्या पंखावरच्या वरच्या ताराही जाड होत्या. खालच्या तारांइतक्याच.

"हा माणूस कशाला तरी भ्याला होता," केस म्हणाला. काकांनी मान हलवली. "भ्यालेला माणूस इतकं नीटस काम करत नाही."

हे बोलणं झालं तो दोन हजार वीस सालचा फेब्रुवारी. पुढच्या आठवड्यात ब्राबांटमध्ये कार्निव्हल होता. केस दरवर्षीसारखा निळा शेतकरी डगला घालून गावच्या मिरवणुकीत गेला, रात्री पबमध्ये सगळ्यांच्या गळ्यात गळे घालून गायला. दहा-बारा दिवसांनी त्याला खोकला लागला. काकांशी फोनवर बोलताना मध्येच थांबायचा. "धूळ आहे लाकडाची," म्हणायचा. मग फोन रीट उचलायला लागली. मग तिने सांगितलं की त्याला हॉस्पिटलमध्ये नेलंय आणि तिला आत सोडत नाहीत.

मार्च संपायच्या आत केस गेला.

अंत्यसंस्काराला तीसच माणसं चालणार होती. रीटने लिंक पाठवली. काकूंनी कुंपणावरून मला हाक मारली, कारण लिंक उघडत नव्हती. मी मागच्या दाराने गेले, लांबच उभी राहून काय दाबायचं ते सांगितलं. काका कोट आणि टाय घालून डायनिंग टेबलाशी बसले होते. पडद्यावर लांब लांब ठेवलेल्या खुर्च्या दिसत होत्या. तिथली माणसं उभी राहिली तेव्हा काकाही उभे राहिले. ती बसली तेव्हा बसले. शेवटी पडदा काळा झाला तरी ते तसेच बसून होते. काकूंनी त्यांचा टाय सैल केला.

त्या वसंतात आमच्या गावावरून विमानं जाणं जवळजवळ बंद झालं. एरवी शिफोलवरून उडालेलं प्रत्येक विमान आमच्या कौलांवरून जातं आणि गल्लीतले लोक गेमेंतेकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, आवाजाच्या तक्रारी करत असतात. आता लोक बागेत खुर्च्या टाकून म्हणायला लागले, किती छान शांतता. काका बागेत यायचेच नाहीत. काकू म्हणाल्या, "गोठा बंद, केस गेला, वरचं आकाश बंद. मीनल, यांना काहीतरी कामाला लाव गं."

काम त्यांनी स्वतःच काढलं. डोरीनचं राहिलेलं गणित. मेच्या शेवटी एका दुपारी ते कुंपणाशी येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली.

"मीनल, चालत्या गाडीच्या खिडकीतून कधी हात बाहेर काढलायस?"

"लहानपणी. आई ओरडायची."

"तळहात पसरून बोटं जरा वर केली तर?"

"हात वर उचलला जातो."

"आणि बोटं खाली वळवली तर?"

"खाली दाबला जातो."

"झालं," काका म्हणाले. "विमान नाक खाली करून वेगाने उतरायला लागलं की पंखावर वारा वरून दाबतो. त्या वेळी पंखाला फक्त वरच्या तारा धरून असतात. चौकशीत मेकॅनिकने सांगितलंय, दुसऱ्या विमानाच्या वरच्या तारा पियानोच्या तारेइतक्या बारीक होत्या. मी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी करून बघितलं. हॅरी पेलने काहीही वेडंवाकडं केलं नव्हतं. तो नुसता उतरत होता. तार तुटली."

"म्हणजे थर्टलची चूक?"

"तेव्हा हे कोणाला नीट ठाऊकच नव्हतं. इतरांचेही पंख असेच मोडत होते." त्यांनी कुंपणावर हात टेकले. "पण पुढच्या वर्षी त्याने वरच्या तारा जाड केल्या. केसकडच्या पंखाच्या. म्हणजे त्याला कळलं होतं. कळलं होतं आणि त्याने कोणाला सांगितलं नाही. त्याच्या घरची माणसं शंभर वर्षं त्या पोराला दोष देत राहिली."

त्या दिवसापासून सबनीसांच्या घरात जे सुरू झालं, ते भांडण म्हणता येणार नाही, कारण दोघांचाही आवाज चढत नसे. पण पातळ भिंतीतून ऐकू यायचं.

"म्हातारी शहाऐंशी वर्षांची आहे," काकू म्हणायच्या. "एकटी, त्यात हे दिवस. तुमचे आजोबा निर्दोष होते, असं सांगितलंत तर कोणाचं काय जातंय? थर्टल येतोय विचारायला?"

"हॅरी पेलचं जातंय."

"तो मरून शंभर वर्षं झाली!"

"म्हणूनच. त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही."

"मग काहीच सांगू नका. जमलं नाही म्हणा."

काकांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सुरेखा, आयुष्यभर मी एकच काम केलं. जे मोडेल ते मोडेल म्हणून सांगायचं. तेवढंच येतं मला."

जूनमध्ये झूमवर बोलायचं ठरलं. डोरीनला चर्चच्या लोकांनी टॅबलेट आणून दिला होता, इकडची बाजू मी लावून दिली. मी निघत होते, पण काका म्हणाले, थांब, बंद पडलं तर मला जमायचं नाही. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात, काकूंजवळ, तोंडाला मास्क लावून उभी राहिले. बोलणं अर्थातच इंग्रजीत झालं.

डोरीनने मोत्यांची माळ घातली होती. केस विंचरून बसवले होते. चांगली बातमी ऐकायला बसलेल्या माणसासारखी ती बसली होती.

काकांनी सगळं सांगितलं. सावकाश, काही न लपवता. हातानेच पंख करून दाखवला. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे ती तार आजोबांनी निवडली."

"हो. पण मिसेस कोल, १९१२ साली हे माहीत असणं शक्य नव्हतं."

"मग पुढच्या वर्षी त्यांना कसं माहीत झालं?"

काकांनी टेबलावरचा हात मागे घेतला. काकूंनी माझं मनगट धरलं.

"हॅरी पेल गेल्यामुळे," काका म्हणाले.

पडद्यावर डोरीन हलली नाही. मला वाटलं, चित्र अडकलं. मग ती बोलायला लागली. "माझी आई सांगायची, आजोबा दर वर्षी वसंतात हॅरीच्या आईकडे जायचे. ती विधवा होती. तिची बाग खणून द्यायचे, बटाटे लावून द्यायचे. अगदी मरेपर्यंत. आम्ही म्हणायचो, ज्या पोराने त्यांचं नाव घालवलं, त्याच्या आईसाठी इतकं करतात. केवढं मोठं मन."

"मन मोठं होतंच," काका म्हणाले.

"तुम्ही त्यांना ओळखत नव्हता, मिस्टर सबनीस." मग जरा वेळाने, "मीही नव्हते, असं दिसतं." तिने माळेला हात लावला. "मला आता थोडं पडावंसं वाटतंय."

आणि पडदा गेला.

त्यानंतर काकांनी तिला तीनदा ईमेल केलं. एकदा गणिताबद्दल, एकदा माफी मागून, एकदा नुसतं तब्येत कशी आहे म्हणून. उत्तर आलं नाही. दर नाताळला तिचं कार्ड यायचं, ते आलं नाही. एकवीस सालच्या जानेवारीत काकांच्या शेवटच्या ईमेलला तिच्या शेजारणीने उत्तर दिलं. डोरीन नाताळानंतर हॉस्पिटलमध्ये गेली होती आणि तिथेच वारली. शेजारणीला सबनीस कोण हे ठाऊक नव्हतं. तुम्ही नातेवाईक आहात का, असं तिने विचारलं होतं.

काकू त्या दिवशी "मी म्हटलं होतं" असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी आल्याचा चहा केला, स्वतःचा कप घेऊन काकांच्या समोर बसल्या आणि चहा गार होईपर्यंत बसून राहिल्या. हे मला काकूंनीच नंतर सांगितलं. "काय बोलणार? ते चुकले असते तर मी बोलले असते."

एकवीसच्या उन्हाळ्यात, सगळ्यांच्या लशी झाल्यावर, रीटचा फोन आला. ती शेत विकून मुलीजवळच्या छोट्या घरात जाणार होती. जुना पंख एका संग्रहालयाने मागितला होता. पण अर्धवट बनलेल्या नव्या विमानाचं काय करायचं?

मी काकांना घेऊन गेले. गोठ्यात केसची अवजारं भिंतीवर होती तशीच लटकत होती. मधोमध नवा पंख आणि धडाचा सांगाडा, वर वर्षभराची धूळ. काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "पूर्ण करणारं कोणी नाही," ते रीटला डचमध्ये म्हणाले. "लाकूड चांगलं आहे. कोणाला तरी दे."

मग त्यांनी पाना घेतला आणि तारा सोडवायला सुरुवात केली. मी आणि रीटने टोकं धरली. कामात असतानाच रीट म्हणाली, "अरुण, तुला एक सांगू? केस बुधवारी संध्याकाळी येऊन एखादा सांधा परत उकलून ठेवायचा. मी विचारलं तर म्हणाला, हे पूर्ण झालं की अरुण यायचा थांबेल."

काकांचा हात थांबला. आधी ते हसले. "मला वाटायचं, म्हाताऱ्याचा हात बसत नाही," म्हणाले. मग पाना खाली ठेवून तिथेच लाकडाच्या ढिगावर बसले आणि रडायला लागले. केसच्या अंत्यसंस्काराला नाही, डोरीनच्या बातमीला नाही, त्या दिवशी. रीट त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

दुपारी संग्रहालयाची गाडी आली. एक तरुण मुलगी जुन्या पंखाला कापडात गुंडाळायला लागली. तिने विचारलं, पाटीवर लिहायला या माणसाबद्दल एक-दोन ओळी देता का? काकांनी तिला स्पेलिंग सांगितलं. एड्विन थर्टल, नॉरिच, विमान बनवणारा. "आणि हॅरी पेल," ते म्हणाले. "तेही लिहा. याच्या आधीच्या विमानाचा वैमानिक. त्याच्यामुळे या पंखाच्या तारा जाड आहेत."

"पाटी लहान असते," ती अवघडून म्हणाली. "बघते मी."

ती काय करणार हे आम्हा तिघांनाही कळलं. काकांनी वाद घातला नाही. पंख गाडीत चढवताना मात्र एका टोकाला हात लावून दारापर्यंत चालत गेले.

परतीच्या वाटेवर गोरिंकेमच्या पुलापाशी नेहमीसारखी गर्दी लागली. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. बराच वेळ काका खिडकीबाहेर नदीकडे बघत होते.

"मीनल, तू तिथे होतीस," ते म्हणाले. "तिला सांगायला नको होतं का?"

मला मोत्यांची माळ आठवली. केस विंचरून बसलेली ती बाई आठवली. तो तेवीस वर्षांचा पोरगाही आठवला, ज्याचा चेहरा आम्ही कोणीच कधी पाहिला नव्हता.

"माहीत नाही, काका."

"मलाही नाही," ते म्हणाले.

पुढची गाडी सरकली, मीही सरकले. घरी पोचलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी काकांच्या तोंडाकडे बघितलं. "हात धुऊन घ्या," म्हणाल्या. "खिचडी टाकलीय. मीनल, तूही बस."